लाल बिल्ल्याच्या दोन गाड्या

“क्लच, मॅडम, क्लच! आधी क्लच!”

मॅडमनी नुसताच ब्रेक दाबला आणि गाडी दोन गचके देऊन बंद पडली. एरवी शिकवणाऱ्याने लगेच पुढचे वाक्य टाकले असते, पण आज तोही फाटकाकडेच बघत होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात एक नवीकोरी गाडी शिरत होती.

गाडी तशी घरोघरची. मॅडम जिच्यात बसल्या होत्या तीच, फक्त नव्या मॉडेलची. छोटी, पाठीमागे वर उघडणाऱ्या दाराची, नर्सबाईंपासून बँकेच्या साहेबांपर्यंत कुणाच्याही दारात दिसणारी. पण कंपनी दर मॉडेलबरोबर तिची एक तिखट बहीणही काढत असे. इंजिन दणकट, टायर रुंद, बसकण जमिनीलगत आणि मागच्या दारावर नखाएवढा लाल बिल्ला. ज्याला कळते त्याला तो बिल्ला पुरतो. ज्याला कळत नाही तो म्हणतो, आमच्याकडेही हीच आहे की.

क्लचसरांना कळत होते. त्यांच्याकडेही लाल बिल्ल्याची गाडी होती, मधल्या मॉडेलची, आणि आज सकाळपर्यंत तशी गाडी असलेले नात्यागोत्यात ते एकटेच होते.

क्लचसर हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ते हा एकच मंत्र जपत, म्हणून पोरापोरींनी तो त्यांना चिकटवला होता. आता बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणायची.

नव्या गाडीतून डॉक्टर उतरले. डॉक्टर दातांचे, आणि क्लचसरांचे साडू.

“सर, कशी वाटतेय?”

डॉक्टर त्यांना सरच म्हणत, कारण गाडी शिकले ते याच मैदानावर. परीक्षेत दोनदा नापास झाले, तेव्हा क्लचसरांनी हाताला धरून त्यांना तिसऱ्या खेपेला पास केले. त्याच दिवसांत स्कूलच्या हापिसात बसणाऱ्या धाकट्या मेहुणीशी त्यांचे सूत जुळले. म्हणजे हे दुखणे क्लचसरांनी आपल्याच हाताने घरात आणले होते.

“छान आहे,” क्लचसर म्हणाले. डॉक्टरांनी आजवर उपटलेला कुठलाही दात याहून सोपा निघाला असेल.

“पळते म्हणजे काय पळते! आणि गिअरसुद्धा तीच टाकते. आपण टाकायचे म्हटले तर स्टिअरिंगमागे दोन पाती आहेत, बोटानं ओढायची. क्लचच नाही हो सर!”

डॉक्टरांनी हे अगदी भोळेपणाने सांगितले. त्यांच्यात कावा नव्हता, आणि क्लचसरांना सगळ्यात जास्त राग त्याचाच होता. माणूस लबाड असता तर त्याच्यावर मोकळेपणाने जळता तरी आले असते.

तेवढ्यात जिन्यावरून मास्तर उतरले, एक हात भिंतीला लावून. मास्तर दोघांचे सासरे. स्कूल त्यांनीच काढलेले. वरच्या खोलीत ते एकटे राहत. सासूबाई गेल्या आणि पाठोपाठ काचबिंदूने डोळे नेले. आता उजेड आणि सावली एवढेच उरले होते. नुकतेच ते या जिन्यावर घसरले होते. तेव्हापासून दोघी मुलींनी हट्ट धरला होता की आता एकटे राहायचे नाही. थोरलीकडे या किंवा धाकटीकडे या, पण या. मास्तर हो म्हणाले होते. कुणाकडे, ते सांगत नव्हते.

मास्तर नव्या गाडीशी आले आणि त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

“सुरू कर रे, डॉक्टर.”

इंजिन सुरू झाले. मास्तरांनी मान तिरकी करून ऐकले. त्यांच्याकडे एके काळी पहिल्या मॉडेलचा लाल बिल्ला होता. त्या गाडीच्या आवाजावरून म्हणे गल्लीतली कुत्री बाजूला होत.

“ही कुजबुजते,” मास्तर म्हणाले. “थोरल्याची बोलते. माझी तर भांडायची.”

“मग चांगली कुठली, मास्तर?” डॉक्टरांनी विचारले.

“उभ्या गाडीवरून काय सांगू? रविवारी मला धरणापर्यंत न्या. जाताना एकीतून, येताना दुसरीतून. मग सांगतो. आणि राहायला कुणाकडे येणार, तेही तेव्हाच सांगून टाकतो. दोनदा कशाला बोलवू तुम्हाला?”

डॉक्टर खळखळून हसले. मास्तरही हसले. क्लचसर हसले नाहीत. मास्तरांनी आयुष्यभर माणसे गाडीतच पारखली होती. थोरली मुलगी क्लचसरांना दिली, ती हा पोरगा चढावर रेंगाळणाऱ्या ट्रकमागे हॉर्न न वाजवता थांबला म्हणून. अशा माणसाची थट्टा ही थट्टा नसते.

“सर,” मॅडम गाडीतून म्हणाल्या, “मी क्लच दाबून बसलेय. सोडू का आता?”

*

शनिवारी संध्याकाळी क्लचसर अंगणात गाडी पुसत होते. पुसून झालेली गाडी पुसत होते, असे म्हणणे जास्त बरोबर. बायको दारात येऊन उभी राहिली.

“अहो, बाबा काय गाडीत राहायला येणार आहेत?”

“तुला नाही कळायचं.”

“मला एवढं कळतं की त्यांना पायऱ्या नकोत आणि बाथरूम जवळ हवं. मी मागची खोली रिकामी केली. शिलाई मशीन काढलं, खिडकीशी कॉट लावली. तुम्ही सकाळपासून त्या चाकांशी बसलायत.”

“त्यांच्याकडे लिफ्ट आहे,” क्लचसर चाकाकडे बघत म्हणाले. “मोठी गॅलरी आहे. घरात डॉक्टर आहे.”

“दातांचा. बाबांना दात कुठं उरलेत?”

क्लचसरांना हसू आले नाही. बायको जवळ आली, तिने त्यांच्या हातातले फडके काढून घेतले.

“तुमच्या पोटात दुखतंय.”

“दुखतंय. मग?” ते उसळून म्हणाले. “मला चोरी आहे का? त्याला शिकवला मी. पहिल्यांदा बसला तेव्हा स्टिअरिंगला असा लटकला होता, बसच्या दांड्याला लटकावं तसा. आज तो माझ्या पुढ्यात नवी गाडी आणून उभी करतो आणि वर विचारतो, सर, कशी वाटतेय. गुरूची विद्या गुरूला! ते एक वेळ जाऊ दे. गाडीचं जाऊ दे. पण त्याला आई आहे, वडील आहेत, दोघंही धडधाकट. त्याला आणखी एक वडील कशाला हवेत?”

क्लचसरांचे वडील ते शाळेत जायच्या आधीच गेले होते. मास्तरांच्या शेजारी गाडी शिकायला येऊन बसले तेव्हा त्यांना मिसरूडही धड फुटले नव्हते. कुणीतरी आपल्या हातावर हात ठेवून ‘घाबरू नको, मी आहे’ असे म्हणते, हे त्यांना त्या सीटवर पहिल्यांदा कळले होते. त्या एका वाक्यावर त्यांनी उभी हयात काढली. तेच वाक्य ते आता शिकाऊ माणसांना म्हणत.

“येतील हो आपल्याकडे,” बायको म्हणाली आणि फडके परत देऊन आत गेली.

*

धरणाचा रस्ता डोंगर चढून जातो. रविवारी सकाळी तो मोकळा असतो. जाताना मास्तर क्लचसरांच्या शेजारी बसले. मागून डॉक्टर आपल्या गाडीतून एकटेच येत होते. बायका घरी थांबल्या होत्या. असल्या परीक्षेला आमचे काय काम, असे दोघींचे एकमत होते.

मधल्या मॉडेलचा लाल बिल्ला सपाटीला साधाच वाटतो. त्याचे इंजिन खाली झोपाळू असते, वर नेले की जागे होते. नेमके कधी जागे होते, ते क्लचसरांना तोंडपाठ होते. पहिल्या वळणाआधी त्यांनी गिअर उतरवला, क्लच असा सोडला की सांधा कळू नये, आणि गाडी वळणातून ताठ बाहेर पडली.

“तिसरा,” मास्तर म्हणाले.

“तिसरा.”

“आता दुसरा टाकशील.”

“टाकला.”

“उशिरा टाकलास. पण गोड टाकलास.”

मास्तरांचा चेहरा उजळला होता. दिसत काही नव्हते, तरी ते नजर रस्त्यावर रोखून होते. दर वळणाला त्यांचा उजवा पाय पायाखालच्या रबरावर दाबला जात होता. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. ज्याने जन्मभर तो राखला, त्याचा पाय कुठल्याही गाडीत तो शोधतोच. क्लचसरांचाही शोधत असे, बायको रिक्षात शेजारी बसली की हसायची.

ते वेगात होते, पण बेफाम नव्हते. हा डोंगर आज संपू नये, असे क्लचसरांना वाटले. आरशात डॉक्टरांची गाडी अंतर राखून येत होती, न धापा टाकता, जणू फिरायला निघाली होती. आपण एवढी कसरत करून जे मिळवतो ते तिला बसल्या जागी मिळते आहे, हे त्यांनी पाहिले आणि आरसा जरा वर सरकवला.

वर धरणाच्या भिंतीशी टपरीवर तिघांनी चहा घेतला. मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. ते दमलेले दिसत होते, पण क्लचसरांना त्यात फक्त आनंद दिसला. माणसाला जे हवे तेच दिसते, त्याला काचबिंदू लागत नाही.

“सर,” डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढून पुढे केली, “उतरताना माझी गाडी तुम्ही घ्या ना. मास्तर माझ्या गाडीतून येणारच आहेत, चालवणारा तुमच्यासारखा असला तर त्यांना खरी कळेल. माझ्या हातात ती वायाच जाते.”

याला काय म्हणावे? असा उमदेपणा बघून एखाद्याने साडूच्या खांद्यावर हात टाकला असता. क्लचसरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण किल्ली त्यांनी घेतली. ती गाडी चालवून बघायची इच्छा त्यांना गेले काही दिवस रात्री झोपू देत नव्हती, हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितले नव्हते.

डॉक्टर जुन्या गाडीत बसून मागे राहिले. मास्तर नव्या गाडीत शेजारी बसले. क्लचसरांनी पाय ठेवला आणि गाडी सुटली.

ती चांगली होती. हेच तर वाईट झाले. तिच्यात काही खोट निघेल, स्टिअरिंग पोकळ लागेल, वळणाला अंग टाकेल, असल्या आशेवर ते बसले होते. तिने तसले काही केले नाही. म्हणाल तेव्हा ओढ होती, धक्का नव्हता, आवाज नव्हता. त्यांची गाडी जे घाम गाळून करायची ते ही सहज करत होती. क्लचसरांना बायकोच्या देखत दुसरीवर मन जावे तसे ओशाळे वाटले. मग संताप आला. त्यांनी बोटाने पाते ओढले, गाडी स्वतःच्या हुकमतीत घेतली आणि वेग वाढवला. डॉक्टरला जे या गाडीतून कधी काढता येणार नाही, ते आज मास्तरांना दाखवायचे, एवढेच आता डोक्यात उरले होते.

“गिअर कुठला?” त्यांनी विचारले.

“कळत नाही रे,” मास्तर म्हणाले. त्यांनी मान मागे टेकली होती.

“चौथा. आता बघा.”

पुढचे वळण तीव्र होते. क्लचसर त्यावर जरा जास्तच वेगात आले. दोन गिअर एकदम उतरवायचे होते. अशा वेळी माणूस विचार करत नाही, अंग करते. हाताने पाते ओढले आणि डावा पाय आयुष्यभराच्या सवयीने क्लचवर गेला, मुळापर्यंत, झटक्यात. तिथे क्लच नव्हता. तिथे रुंद ब्रेक होता.

गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. टायर किंचाळले. पट्ट्याने दोघांनाही छातीत आवळले, मास्तरांचा चष्मा उडून काचेवर आपटला. मागे पुन्हा टायर वाजले आणि क्लचसरांनी डोळे मिटून घेतले. धडक झाली नाही. डॉक्टरांनी जुनी गाडी हातभर मागे थांबवली होती. ‘पुढचा चुकणारच आहे असं धरून अंतर ठेवा,’ हे त्यांना क्लचसरांनीच घोकून घोकून शिकवले होते.

डॉक्टर धावत आले, त्यांनी मास्तरांच्या बाजूचे दार उघडले. “लागलं का? मास्तर, मान हलवा बघू. काय झालं? काही आडवं आलं का?”

क्लचसरांनी तोंड उघडले. जन्मभर ज्या एका चुकीसाठी त्यांनी शेकडो माणसांवर आवाज चढवला, त्याच चुकीचे नाव आता घ्यायचे होते. जीभ उचलेना.

“माझा पाय गेला रे,” मास्तर म्हणाले. “वळण आलं आणि मी ब्रेक दाबला. चूक झाली. याला नको बोलू.”

डॉक्टरांनी खाली पाहिले. मास्तरांच्या पायाशी गालिच्याचा तुकडा होता, बाकी काही नव्हते. मग त्यांनी क्लचसरांकडे पाहिले, आणि त्यांचा डावा पाय अजून कुठे आहे तेही पाहिले.

“असू दे, मास्तर,” डॉक्टर म्हणाले. “जुनी सवय आहे. होतं असं.” त्यांनी वाकून चष्मा उचलला, रुमालाने पुसला आणि अलगद मास्तरांच्या नाकावर बसवला.

या माणसाला शिव्यासुद्धा देता येणार नाहीत आता, असे क्लचसरांच्या मनात आले. त्यांना त्याच्या गाडीचा हेवा वाटत होता. आता त्या रुमालाचाही वाटला.

गाड्या पुन्हा आपापल्या मालकांकडे गेल्या. मास्तर डॉक्टरांच्याच गाडीत राहिले. क्लचसर एकटे मागून उतरले, सगळा डोंगर तिसऱ्या गिअरमध्ये.

*

खाली आल्यावर डॉक्टर मैदानाच्या फाटकाशी फोनवर बोलत उभे राहिले. क्लचसरांनी मास्तरांना हात धरून जिना चढवला. खोलीत मास्तर पलंगावर बसले, क्लचसर समोर उभे राहिले. शिकाऊ माणूस परीक्षेनंतर उभा राहतो तसेच.

“तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात?”

“खोटं कुठं बोललो? मी दाबलाच होता ब्रेक. तुझ्याआधी दाबला होता. पायाखाली तो नव्हता, ही गोष्ट वेगळी.”

क्लचसर हसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

“बस,” मास्तर म्हणाले. “गाडी तुझीच चांगली. विचारशील तर हेच सांगेन. तुझ्या गाडीत मला सगळं कळतं. गिअर कळतो, खडी कळते, तू कुठे बिचकलास तेही कळतं. शेवटच्या वळणांना तर मीच चालवत होतो.”

“मग आमच्याकडे या. मागची खोली लावून ठेवलीय. रोज संध्याकाळी फिरवीन तुम्हाला.”

मास्तरांनी हात पुढे केला, चाचपत क्लचसरांचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटले.

“तेच नको आहे रे. उतरताना त्या डॉक्टरच्या शेजारी बसलो, मला काहीच कळलं नाही. कुठला गिअर, कुठलं वळण, काही नाही. त्याने काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मला झोप लागली. उरलेला सबंध डोंगर मी झोपलो. तुझ्या सासूबाई गेल्यापासून अशी झोप आली नव्हती मला. तुझ्या घरी आलो तर मी अजून शिकवतच बसेन. तू उठशील, मी तुझ्या पावलांवरून ओळखेन की आज तुझं बिनसलंय. तू जेवशील, मी ऐकत बसेन. तुझ्या शेजारी माझा पाय कधी उचललाच जात नाही. चाळीस वर्षं दाबून ठेवलाय तो. आता मला तो सोडायचाय.”

“म्हणजे मी जवळचा, म्हणून...”

“हो,” मास्तर म्हणाले. “म्हणून.”

खालून डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज आला. क्लचसरांना सगळे समजले. न्याय्य होते, प्रेमाचेही होते, आणि तरी ते जळतच होते. मास्तरांची झोप त्या माणसाला मिळाली होती. आपल्या वाट्याला जागरण आले होते, आणि त्यालाच मास्तर माया म्हणत होते. त्यांनी उठून मास्तरांची बॅग पलंगाखालून ओढली आणि सदरे घडी घालून भरायला घेतले. बाह्या आत, कॉलर वर, मास्तरांना चाचपून सापडतील असे.

*

बुधवारी मास्तर डॉक्टरांच्या गाडीतून धाकटीकडे निघाले. दोघी मुली मागे बसल्या, दोघींच्या मधे बॅगा आणि अंथरूण. मास्तर पुढे. क्लचसरांनी त्यांची सीट जरा मागे सरकवली, पाठ थोडी पाडली, पट्टा लावला आणि तो खांद्याला काचत नाही ना ते बोट घालून पाहिले. मग दार लावले.

मैदानात शिकाऊ गाडी वळणावरच बंद पडली होती, म्हणून डॉक्टरांना फाटकापर्यंत गाडी रिव्हर्समध्येच आणावी लागणार होती. त्यांच्या गाडीत मागचे दिसायला कॅमेऱ्याचा छोटा पडदा होता. त्यावर हिरव्या-पिवळ्या रेघा उमटत, अडथळा आला की ती स्वतःच टुकटुक वाजे. कुणी मागे उभे राहून सांगायची गरज नव्हती. डॉक्टर पडद्याकडेच बघत होते.

क्लचसर गाडीच्या मागे गेले, मास्तरांच्या खिडकीच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

“येऊ द्या,” ते म्हणाले. “येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडे कापा.”

मास्तरांच्या बाजूची काच खाली झाली.

“आवाज काढ की जरा,” आतून मास्तर ओरडले. “शिकाऊ माणसाला ऐकू नको का जायला?”

“येऊ द्या!” क्लचसर ओरडले. घसा साफ करून ते पुन्हा ओरडले, सबंध मैदानाला ऐकू जाईल असे. “सरळ करा! येऊ द्या, येऊ द्या... बस्स!”

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली, आरशात क्लचसरांकडे पाहिले आणि जिथे त्यांनी सांगितले नेमके तिथे ब्रेक लावला. मग गाडी पुढे वळली आणि आवाज न करता रस्त्याला लागली. क्लचसरांचा हात वरच होता. शिकाऊ गाडीतून कुणीतरी दोनदा विचारले, “सर, आता काय करू?” तेव्हा कुठे त्यांनी तो खाली घेतला.